फटी बुजवण्याआधी दहा स्क्रू काढा

पत्राचा सारांश : कोथरूडमधल्या एका वाचकांना मामांची लाकडी मोटरबोट मिळाली आहे. १६ फुटी, सागाच्या फळ्यांची, आत पेट्रोल इंजिन. गेली नऊ वर्षं ती पानशेतजवळच्या शेतावर पत्र्याच्या शेडमध्ये दोन जुन्या टायरांवर पडून होती. दिवाळीच्या सुट्टीत हौसेनं पाण्यात उतरवली, तर वीस मिनिटांत आत घोटाभर पाणी. फायबरचं काम करणारा म्हणतो, बाहेरून तीन थर मारून देतो, परत बघायला नको. ओळखीचा सुतार म्हणतो, फटींत एम-सील भरू, स्वस्तात काम होईल. धाकटा भाऊ म्हणतो, सागाला भाव आहे, मोडून टाक. वाचक विचारतात : तळ गळका आहे हे तर नक्कीच, मग फायबर करू की एम-सील? आणि पावसाळ्याआधी बोट पाण्यात जाईल का?

उत्तर :

तुमच्या प्रश्नातलं ‘नक्कीच’ आधी बाजूला ठेवू या. नऊ वर्षं पत्र्याखाली वाळलेली फळ्यांची बोट थेट पाण्यात घातली तर ती गळणारच. गळली नसती तर नवल होतं. जुन्या वाड्याचं दार होळीनंतर सैल होतं आणि आषाढात खांदा लावल्याशिवाय उघडत नाही, तोच प्रकार. पुण्याच्या उन्हाळ्यात सुकलेली, कापणी आडवी पडलेली (टोकाला वलयं आडवी दिसतात ती) सागाची फळी पाण्यात पूर्ण फुगली की दर १०० मिलीमीटर रुंदीमागे साधारण तीन-साडेतीन मिलीमीटरनं वाढते. उभ्या कापणीची असेल तर त्याच्या निम्म्यानं. फळ्यांच्या बोटी मुळात याच हिशेबानं बांधलेल्या असतात. पाण्यात राहायचं, फुगायचं आणि एकमेकींना दाबून फट मिटवायची.

आता घोटाभर पाण्याचा हिशेब. तुमच्या बोटीच्या तळाचा आकार धरला तर ते अंदाजे २०० लिटर होईल, म्हणजे मिनिटाला १० लिटर. पाण्याखाली फूटभर खोलीवरचं जेमतेम १२ मिलीमीटर व्यासाचं एकच भोक तेवढं पाणी आत सोडतं. तुमच्या सगळ्या फटी मिळून करंगळीएवढ्या एका भोकाइतक्या भरतात. त्यामुळे भावाला सांगा, मोडायची घाई नको.

पण म्हणून बोट भिजवून फुगवायला घेऊ नका. आधी वाचून घ्या, कारण भिजवल्यावर एक वाट बंद होते.

पहिलं काम स्क्रूंचं. फळ्या फुगल्या की प्रचंड जोरानं बाजूला रेटतात. त्यांना जागेवर धरणारे स्क्रू आतून खराब झालेले असतील तर फळी फासळीपासून (फळ्यांना आतून धरणाऱ्या आडव्या लाकडापासून) सुटून बाहेर ढकलली जाते आणि गळतीचं रूपांतर बुडण्यात होतं. स्क्रूच्या डोक्यांवर लाकडी बुचं असतील. बुचाच्या मधोमध बारीक भोक पाडून त्यात एक साधा स्क्रू फिरवा, तो तळाला टेकला की बूच आपोआप वर उचललं जातं. मग खाच कानशीच्या टोकानं साफ करा, खाचेत नीट बसणारा रुंद स्क्रू-ड्रायव्हर घ्या, आणि फिरवण्याआधी त्याच्या मुठीवर हातोडीचा एक टोला द्या, गंज सुटतो. दहा स्क्रू काढा, पण सोयीचे दहा नकोत. कण्याला (तळाच्या मधोमध जाणाऱ्या लांब लाकडाला) लागून असलेल्या पहिल्या फळीतले तीन, इंजिनाखालचे दोन, तळ आणि बाजू मिळतात त्या कडेचे तीन (बोटवाले तिला चाइन म्हणतात) आणि मागच्या सपाट पाटाचे, म्हणजे ट्रान्समचे दोन.

निघालेल्या स्क्रूला लोहचुंबक लावा. चिकटला तर लोखंड. त्याच्या भोवती सागात काळा डाग असेलच, तिथलं लाकूड नखानं उकरून बघा. स्क्रू डोक्याशी आणि टोकाशी जाड, पण मधे, फळी आणि फासळीच्या सांध्यावर, कमरेसारखा बारीक झालेला दिसेल. ओल तिथेच साठते. चिकटला नाही तर पितळ किंवा ब्राँझ. मधोमध कानस मारा : आत पिवळं चकाकलं तर ठीक, गुलाबी-तांबूस आणि भुसभुशीत दिसलं तर पितळातलं जस्त निघून गेलंय, असा स्क्रू खडूसारखा मोडतो. दहांतले तीन-चार असे निघाले तर बाकीच्यांवर भरवसा ठेवायचं कारण नाही, सगळे बदलायचे. तुमच्या मापाच्या बोटीत तळाला सहाशे ते आठशे स्क्रू निघतील, तयारी ठेवा.

दुसरं काम लाकूड टोचून बघण्याचं. बारीक टोकाचा दाभण घ्या. सागाच्या फळ्या बहुधा टणक निघतील. माझी काळजी फासळ्यांची आहे, कारण त्या सागाच्या असतीलच असं नाही. फासळी आणि तळफळी यांच्या कोपऱ्यात, ट्रान्समच्या खालच्या कडेला, इंजिनाच्या पायाखाली टोचा. खाऱ्या पाण्यापेक्षा गोडं पाणी लाकडाला वाईट. शेडचा पत्रा एखाद्या ठिकाणी ठिबकत असेल आणि ते पाणी बोटीत साठत असेल, तर कूज बरोबर त्या रेषेत सापडेल. २० टक्क्यांच्या खाली ओल असलेल्या लाकडाला बुरशी लागत नाही. कायम बुडालेल्या लाकडाला हवा कमी मिळते, म्हणून तेही तग धरतं. कुजतं ते मधलं, धड ओलं ना धड कोरडं. वाळवीच्या मातीच्या रेघाही बघून घ्या, शेतावरच्या शेडमध्ये त्या असतातच.

टायर. नऊ वर्षं दोन टायरांवर म्हणजे बोटीचं वजन दोन ठिकाणी. कण्याला समांतर दोरी ताणून बघा, मग मागच्या बाजूच्या शेवटच्या पाच फुटांत तळाला लांब सरळ पट्टी लावा. वेगानं जाणारी बोट या पाच फुटांवर चालते. तिथं पट्टीखाली तीन मिलीमीटरपेक्षा जास्त खड्डा किंवा खाली वळलेली कड दिसली, तर काहीही करण्याआधी बोट कण्याखाली चार-पाच ठिकाणी ठोकळे देऊन सरळ बसवावी लागेल. आठवडाभर तशी राहू द्या, बरंचसं परत येतं. राहिलेलं फासळ्यांवर पट्ट्या देऊन काढतात. वाकड्या तळावर नवा तळ चढवला की तो वाकडेपणा कायमचा होतो.

तिसरं, पाणी फळ्यांतूनच आलं हे कशावरून? इंजिनाचा दांडा तळातून बाहेर जातो तिथं ग्लँड, म्हणजे दांड्याभोवती दोरी आवळून पाणी अडवणारा जोड असतो. नऊ वर्षांत त्यातली ग्लँडदोरी सुकून दगड झालेली असते. सुकाणूचा दांडा, बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या आधाराचे बोल्ट, थंड पाणी आत घेणारी नळी आणि तिच्या क्लिपा, निचऱ्याचं बूच, ही सगळी भोकंच आहेत. ग्लँडदोरीचे चार वेढे घाला, प्रत्येक वेढ्याचा सांधा आधीच्या सांध्यापासून पाव फेरा पुढे ठेवा आणि नट हातानंच आवळा. दांडा फिरताना थेंब थेंब पडणं बरोबर आहे. कोरडाठाक ग्लँड म्हणजे दांडा घासला जातोय. आणि हो, इंजिन जमिनीवर ‘नुसतं चालू करून’ बघू नका, पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र मिनिटभरात जळतं.

आता तुमच्या पत्रात जे नाही ते विचारतो. बोट वर्षातून किती दिवस पाण्यात राहणार?

तुम्ही कोथरूडला राहता. बोट शनिवार-रविवारी, तेही हिवाळ्यात, ट्रेलरवरून उतरणार आणि संध्याकाळी परत शेडमध्ये जाणार. फळ्यांच्या बोटीला फुगून फटी मिटवायला दोन-चार दिवस ते आठवडा लागतो. तुमची बोट फुगायला लागेपर्यंत रविवार संपलेला असेल, आणि मार्चनंतर ती पुन्हा वाळेल. बोट मुंबईच्या बंदरात बारा महिने तरंगत असती तर मी वेगळं सांगितलं असतं. तळ मोकळेपणानं हलू द्यायचा की त्याचं हलणं पूर्णच बंद करायचं, ही निवड पाण्यातल्या दिवसांवर ठरते. तुम्हाला सुचवलेले दोन्ही उपाय अर्धवट आहेत, म्हणून त्यांची मला भीती वाटते.

एम-सील घ्या. नळाला, टाकीला उत्तम. फळ्यांच्या फटीत ते दगडासारखं बसतं. फळी फुगायला लागली की तिला जागा नाही. मग एक तर तिची कड चिरडते, नाही तर ती आपले स्क्रू उपसते. पुढच्या उन्हाळ्यात फळी आकसली की फट होती तिथेच, शेजारी एम-सीलची सुटी काडी. त्यानंतर कुणाला नीट कापूस भरायचा असेल तर आधी ते पटाशीनं तासायला लागतं, त्यात फळ्यांच्या कडा जातात.

फायबरवाल्याचं काम वाईट असेल असं नाही, पण त्याचा हात टाक्या आणि छपरांवर बसलेला. तो वापरणार ते पॉलिएस्टर रेझिन लाकडाला जेमतेम धरतं, आणि साग तर तेलकट. त्याखाली प्रत्येक फळी स्वतंत्रपणे हलत राहते. फटीच्या रेषेवर केसासारखी भेग पडते, तिथून पाणी आत शिरतं, फायबर आणि लाकूड यांच्यामध्ये अडकतं आणि बाहेर पडायला वाटच राहत नाही. वरून गुळगुळीत रंग, आत कूज. दोन-तीन हंगाम वापरून बोट सोडूनच द्यायची असेल तर हा स्वस्त मार्ग आहे, एवढंच मी त्याच्या बाजूनं म्हणेन. मामांची आठवण म्हणून ठेवायची असेल तर नको.

पारंपरिक पद्धत म्हणजे स्क्रू बदलून फटीत कापूस भरणं. वर्षातले सहा-आठ महिने बोट पाण्यात ठेवणाऱ्या वाचकांनी हीच करावी. जुना स्क्रू ८ नंबरचा असेल तर त्याच भोकात १० नंबरचा घाला, भोक फारच मोठं झालं असेल तर दोन भोकांच्या मध्ये नवं पाडा. १० नंबरला सागात साडेतीन मिलीमीटरचं आधी-भोक लागतं, आणि स्क्रू मेणबत्तीवर घासून घ्या, नाही तर ब्राँझचा मध्येच तुटतो. सिलिकॉन ब्राँझ सगळ्यात चांगलं, मागवावं लागतं. गोड्या पाण्यात ३१६ स्टेनलेसही चालून जातं. दोन धातू मिसळू नका.

फट आतल्या बाजूला मिटलेली आणि बाहेर दीड-दोन मिलीमीटर उघडी, म्हणजे निमुळती हवी, नाही तर कापूस आत निघून जातो. तुमच्या बोटीत अशी साधारण ६५ मीटर फट आहे. कापसाची सैल वात बोथट पात्याच्या पटाशीनं आणि लाकडी हातोड्यानं बसवायची. ठोकायची नाही, बसवायची. हौशी माणूस इथेच चुकतो : कोरड्या बोटीत कापूस गच्च ठोकतो, वर शाबासकी घेतो, आणि बोट फुगल्यावर फासळ्या मोडतात. बाहेरची एक तृतीयांश खोली रिकामी ठेवा. कापसाला पातळ प्रायमर पाजा, मग कायम मऊ राहणारी लांबी (पुट्टी) भरा आणि ती पृष्ठभागापेक्षा मिलीमीटरभर खालीच सोडा, फुगल्यावर ती वर येऊन सपाट होते. त्यानंतर आत-बाहेर ओलं गोणपाट आठ-दहा दिवस, आणि मग बोट ट्रेलरवरच ठेवून दोन दिवस पाण्यात, आत पंप चालू. इतकं करूनही दिवसाला तांब्या-दोन तांबे पाणी येणारच. ते चालतं.

तुमच्यासाठी मात्र मी चिकटवलेला तळ सुचवेन. जुन्या फळ्या काढायच्या आणि मरीन प्लाय दोन थरांत इपॉक्सीनं, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून होणाऱ्या गोंदानं, बसवायचा. इथं नऊ वर्षांच्या वाळण्याचा फायदाच होतो : इपॉक्सीला लाकडातली ओल १२ टक्क्यांच्या आसपास लागते. पिना टोचून ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते घ्या. भिजवू नका म्हटलं ते यासाठी. तळ मूळ राहिला नाही, याची हळहळ वाटेल, पण तळाच्या फळ्या हा बोटीचा झिजायचाच भाग. बाजू, डेक, मामा बसायचे ती सीट, सगळं तेच राहतं.

कच्चा हिशेब : तळ अंदाजे सात चौरस मीटर. ६ मिलीमीटरच्या ८ बाय ४ च्या शीट एका थराला तीन, दोन थरांना सहा. १२ मिलीमीटरची एकच शीट नाकाकडच्या पिळाला वळत नाही, ६-६ ची वळते. शीटवर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) बघाच, पण शिक्क्यावर थांबू नका. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून घेताना एक तुकडा कापून आणा, पातेल्यात चार-पाच तास उकळा, वाळवा, परत उकळा. थर सुटले किंवा कापलेल्या कडेत पोकळी दिसली तर ती शीट कपाटाला वापरा. लांबीतला जोड आठास एक उताराचा, म्हणजे ६ मिलीमीटरला ४८ मिलीमीटर, आणि दोन थरांतले जोड एकमेकांवर येऊ द्यायचे नाहीत. इपॉक्सी १२ ते १४ किलो : साधारण पाच किलो सगळ्या बाजूंना तीन हात द्यायला, साडेतीन किलो दोन थरांमध्ये, बाकी बाहेरच्या २०० ग्रॅमच्या काचकापडाला आणि भराईला. तुम्ही म्हणाल, शेवटी फायबर आलंच की. आलं, पण न हलणाऱ्या लाकडावर आणि इपॉक्सीत, फरक तिथे आहे.

जुन्या फळ्या एकदम उपसू नका. बोट उलटी करायची (इंजिन काढून, आठ-दहा माणसं आणि जमिनीवर टायर), बाजूंमध्ये आडव्या दांड्या ठोकून आकार बांधून घ्यायचा, मगच एका बाजूच्या फळ्या काढायच्या. फळ्यांवर नंबर टाका, त्या नव्या तळाचे साचे आहेत. फासळ्यांचा साग चिकटवण्याआधी ॲसिटोननं पुसा आणि पुसल्यावर रेंगाळू नका, तेल परत वर येतं. प्लायच्या कडांना रेझिन पोटभर पिऊ द्या. प्रत्येक स्क्रूचं भोक मोठं पाडून, इपॉक्सीनं भरून, त्यात पुन्हा पाडायचं. पाणी शिरलं तर कडेतून आणि भोकातूनच शिरतं.

इपॉक्सीचं प्रमाण वजनकाट्यावर, डब्यावर लिहिलंय तसंच. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालणारे लोक आहेत, ते कायमचं चिकट राहतं. एका वेळी दोनशे-अडीचशे ग्रॅमच कालवा आणि पसरट ताटलीत ओता. मे महिन्यात खोलगट डब्यातलं मिश्रण धूर काढतं. दमट हवेत वरती मेणचट साय येते, पुढचा हात देण्याआधी ती साध्या पाण्यानं आणि घासणीनं धुवा, नाही तर थर सुटतील. म्हणून पावसाळ्यात हे काम नको. जुना रंग काढताना ओलं घासा, मास्क लावा. जुन्या काळच्या प्रायमरमध्ये शेंदूर आणि रंगात सफेता असायचा, म्हणजे शिसं. बत्तीनं जाळून रंग काढणं अजिबात नको.

हे प्लायचं काम फर्निचरवाल्या चांगल्या सुताराला जमेल, तुम्ही शेजारी उभं राहायचं. कापसाचं काम मात्र नाही जमणार. त्यासाठी अलिबाग-रेवदंडा, रत्नागिरी, मालवण पट्ट्यातला होडीचा सुतार शोधावा लागतो, आणि पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असताना त्याला फुरसत नसते. नारळी पौर्णिमा होऊ द्या, मग विचारा.

पावसाळ्याआधी होईल का? शनिवार-रविवार धरून : तपासणीला जानेवारी, फळ्या काढून फासळ्यांची डागडुजी फेब्रुवारी, चिकटवणं मार्चअखेर, रंग एप्रिल. होईल, पण कशाला? मेमध्ये पानशेतचं पाणी मागे सरकून काठाला चिखल उरतो, ट्रेलर रुतायचा. पावसाळाभर बोट शेडमध्ये पालथी ठेवा, पत्रा नीट करा, ऑक्टोबरात भरल्या धरणात उतरवा. मधल्या काळात कागदपत्रं. धरणातलं पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे आणि ते पुणेकरांच्या नळाला येतं, त्यामुळे खासगी इंजिनाच्या बोटीला परवानगी लागणार. यांत्रिक बोटींच्या नोंदणीला आता २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे. पानशेतला नाही म्हणाले तर दुसरा जलाशय बघावा लागेल, म्हणून प्लाय घेण्याआधी हे विचारून घ्या. मी हे शेवटी लिहितोय, तुम्ही पहिल्यांदा करा.

पहिल्यांदा उतरवताना बोट दोराला बांधलेली, सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, आत १२ व्होल्टचा पंप. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळात साचते. इंजिनाचं झाकण उघडून पाच मिनिटं वाफ बाहेर काढणारा पंखा चालवल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही.

दहा स्क्रू काढलेत की एका पांढऱ्या कागदावर ओळीनं ठेवा, प्रत्येकाखाली तो कुठून निघाला ते लिहा, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो पाठवा. फासळ्यांचं काय करायचं ते त्यानंतर सांगतो.